मेव्हण्याचं कडवं

सरदाराच्या काठीवरून सगळं सुरू झालं.

बेटावरच्या ला रेकोल्तच्या मळ्यात ऊस तोडणाऱ्याला रोजचं काम सरदार, म्हणजे मुकादम, काठीनं मोजून द्यायचा. अमुक काठ्या लांब, तमुक सऱ्या रुंद; तेवढं पाडलं की घरी जायला मोकळा. एकोणऐंशीच्या कापणीत मात्र उन्हं कलली तरी माणसं फडातच दिसायची. म्हातारे म्हणत, हाडं जुनी झाली. बायका म्हणत, औंदा ऊस दाट आलाय. बलराम काहीच म्हणत नव्हता. तो आपला येता-जाता सरदाराच्या हातातल्या काठीकडं बघत होता.

त्याची बायको सत्यवती त्याच्या मागंच कामाला असायची. तो तोडायचा, ती पाला सोलून मोळ्या रचायची. अंगात नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा, कमरेला गोणपाट, पायात रबरी बूट, डोक्याला फडकं आणि त्यावर टोपी. एवढं करूनही उसाची खाजरी कूस मानेत शिरायचीच. त्या सकाळी ती मान खाजवत उभी राहिली आणि तिला दिसलं, की बलराम कोयता बांधाला टेकवून सरदारापुढं जाऊन उभा राहिलाय.

"सरदार, काठी जरा खाली ठेवा."

जयदेव सरदार कँप मराठ्यातलाच, मराठी मजुरांच्या त्याच वस्तीतला होता, पण त्याच्या अंगावर इस्त्रीची खाकी असायची. "का रं?" तो म्हणाला.

"ठेवा तर."

जयदेवनं हसत हसत काठी सरीत टाकली. बलराम गुडघ्यावर बसला आणि कोपरापासून बोटापर्यंत हात लावत काठी मोजत निघाला. त्याच्या बापानं मोजलं होतं, आज्यानं मोजलं होतं, काठी किती हात हे कँपातल्या पोराला विचारलं तरी सांगता यायचं. शेवटाला एक अख्खा हात उरला.

"हा वरचा हात कुणाचा, सरदार?"

फडातली माणसं हसली. कुणीतरी शीळ घातली. जयदेवचा चेहरा लाल झाला. "आले, त्रावाय! कामाला लागा!" तो क्रियोलीत ओरडला आणि बलरामाचा पंजा काठीवर होता, त्या पंज्यावरच त्यानं बूट ठेवला. "तुझा आजा कोकणातनं उपाशी पळून आला, बोटीतलं उष्टं खाऊन जगला. तू मला मापं शिकवतोस?"

पुढचं इतक्या पटकन झालं, की सत्यवतीला ते तुकड्या-तुकड्यांनीच आठवायचं. काठी हवेत गेली. कडाड्कन आवाज झाला. जयदेव उसाच्या बुडख्यांवर पालथा पडला आणि त्याचा खांदा भलत्याच ठिकाणी गेला. काठीचे दोन तुकडे बलरामाच्या पायाशी. आणि बलराम तिच्याकडं बघत होता, एखाद्यानं भरला माठ फोडावा आणि आता काय करू म्हणून उभं राहावं तसा.

"पाणी दे गं," तो म्हणाला.

तिनं बाटली दिली. निम्मं पाणी हनुवटीवरनं गळ्यात गेलं. मग तो वळला आणि उभ्या उसात शिरला. पात्यांची सळसळ पूस डोंगराच्या दिशेनं लांब लांब गेली.

पुढं त्या दिवसाचं गाणं झालं, ते साऱ्या मुलुखानं म्हटलं. पण पाणी त्यात कधी आलं नाही.

*

त्याच संध्याकाळी मळ्याचा एक फड पेटला. कुणी पेटवला ते कुणालाच कळलं नाही, पण नाव बलरामाचंच लागलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांची जीप कँपात आली. चार शिपाई होते. त्यांनी बलरामाच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत शोधण्यासारखं जे होतं ते शोधलं, नव्हतं तेही शोधलं. एकानं तांदळाचं डबडं उलटं करून झाडलं, जणू बलराम त्यात बसला होता. सत्यवती अंगणात उभी होती, शेजारपाजार बघत होता. शिपाई गेल्यावर ती जमिनीवर बसून तांदूळ वेचू लागली तेव्हा तिचा धाकटा भाऊ देवानंद मुकाट्यानं समोर येऊन बसला आणि तोही वेचू लागला.

देवानंदाला तिनंच वाढवलं होतं. आई गेली तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता; ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पाठोपाठ तोही याच घरात आला. आता मळ्याच्या गॅरेजात ट्रॅक्टरवर होता. बोलणं कमी. हाताला कायम तेलाचा वास.

"भावजींना जेवण कोण पोचवणार?" त्यानं विचारलं.

"हरीभाऊजी जातो म्हणालेत."

हरिप्रसाद हा बलरामाचा लंगोटीयार. दोघं एकाच फडात ऊस तोडत. पण हरिप्रसादाची खरी ओळख झाकरीची. कँप मराठ्याची माणसं बोटीनं आली तेव्हा त्यांच्यापाशी गाठोड्याशिवाय काही नव्हतं. ढोलकी, झांज आणि फेर धरून म्हणायची ही गाणी, एवढीच त्यांची इस्टेट. हरिप्रसाद कँपातल्या झाकरी मंडळाचा म्होरक्या. आवाज असा, की नदीपलीकडं कपडे धुणारी बाई हात थांबवून ऐकायची. मराठी बोलायला पोरं लाजत होती त्या दिवसांत, पण हरिप्रसाद उभा राहिला की तीच पोरं त्याच्यामागं 'जी जी रं' करत फेर धरायची.

आठवडाभरात नवं गाणं आलं. चिन्याच्या दुकानासमोर पहिल्यांदा म्हटलं गेलं, मग नळावर, मग फडात, सरदाराच्या पाठीमागं.

*काठी लांबली सरदाराची, छाती पुरली बलरामाची,*
*एक्या दणक्यात काठी मोडली, लाज राखली मराठ्यांची!*
*जी जी रं जी...*

सत्यवतीनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती नळावर रांगेत होती. मळ्यानं तिला कामावरनं काढलं होतं; ती दुसऱ्यांच्या भाजीच्या वाफ्यांत खुरपायला जात होती. अंग ठणकत होतं. पुढच्या बाईनं मागं वळून बघितलं, आपली बादली बाजूला घेतली आणि म्हणाली, "तू भर आधी." तिच्या पुढचीही सरकली. सगळी रांगच बाजूला झाली. सत्यवतीनं बादली भरली, डोक्यावर घेतली आणि घरी जाताना तिची मान आपोआप ताठ झाली. तिला ते आवडलं. खोटं कशाला बोला, फार आवडलं.

*

गवताचा भारा आणायच्या निमित्तानं ती एकदा स्वतः डोंगरात गेली. ओढ्याच्या वर एका कपारीत बलराम बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. भाकरी आणि मिरचीचं लोणचं त्यानं घाईघाईनं खाल्लं आणि बोटं चाटत विचारलं, "हरीनं नवं काय लावलंय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तोच सांगतो की. म्हणून दाखव."

तिला लाज वाटली. पण डोंगरात होतं कोण? तिनं हळूच म्हटलं. बलराम डोळे मिटून ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "ते लाज राखलीचं परत म्हण."

तिनं परत म्हटलं.

"आणि कोयत्याचं पण घाल म्हणावं. एका हातात काठी, एका हातात कोयता."

"कोयता कुठं होता हातात? बांधाला टेकवला होता ना तुम्ही."

"कोयता बरा वाटतो," बलराम म्हणाला.

मग तिनं त्याचा पाय बघितला. पळताना बूट गळून पडला होता आणि उसाचा बुडखा तळव्यात घुसला होता. पाय घोट्यापर्यंत सुजून चकाकत होता. फडकं सोडलं तसा वास आला. तिनं ओढ्याचं पाणी आणून धुतला, हळद लावली. पाय हातात घेताना तो लहान पोरासारखा कण्हला.

"खाली या," ती म्हणाली. "काय व्हायचं ते होऊ दे. दवाखान्यात तरी नेतील."

"आता कसा उतरू?" तो म्हणाला. "साऱ्या सें पिएर मुलुखात माझं गाणं चाललंय. गाण्यातला माणूस पाय सुजला म्हणून खाली येतो होय?"

ती भारा घेऊन उतरली. वाटभर तिच्या हातांना तो वास येत राहिला.

*

डिसेंबरात रेडिओवर सिक्लोनचा, चक्रीवादळाचा, इशारा लागला. आभाळ तांब्याच्या परातीसारखं झालं, वारा पडला, कुत्री घराबाहेर निघेनात. माणसं पत्र्यांवर दगड चढवत होती, खिडक्यांना आडवे दांडे ठोकत होती. सकाळी हरिप्रसाद जेवणाचा डबा घेऊन वर गेला होता. दुपारी पावसाची पहिली झोड आली, आणि त्याच पावसात जीप डोंगराच्या वाटेनं कँपात उतरली.

मागं दोन शिपायांच्या मधे बलराम होता. डोळे मिटलेले, पाय घोंगडीत गुंडाळलेला. आणि पुढं, चालवणाऱ्याच्या शेजारी, देवानंद.

जीप थांबली नाही. देवानंदाला तिठ्यावर उतरवून ती तशीच पुढं गेली. तो भिजत भिजत घराकडं आला तोवर अर्धा कँप अंगणात जमला होता.

"ताई, भावजींना पकडलं," तो म्हणाला.

"ते दिसलं. तू जीपमध्ये काय करत होतास?"

"जीप रुतली होती वर. मला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं वढायला. जीप निघाली, पण ट्रॅक्टर बंद पडला. पाऊस होता म्हणून म्हणाले, बस."

"पोलीस वर कसे गेले? जागा कुणी सांगितली?"

"मला काय ठाऊक? मी गेलो तेव्हा भावजी जीपमध्येच होते."

लोक कुजबुजू लागले. गर्दीत हरिप्रसाद उभा होता, डोक्यावर रिकामं पोतं घेऊन. आता त्यानं नुसता सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "बसायचंच होतं तर मागं बसायचं, देवा. तुझ्या भावजीपाशी. पुढं कशाला बसलास?"

एवढंच बोलला. पण तेवढं पुरलं. कुणीतरी थुंकलं. कुणीतरी "त्रेत्र!" म्हणालं, फितूर माणसाला क्रियोलीत असंच म्हणतात. सत्यवतीनं भावाच्या तोंडाकडं बघितलं. केसांतनं पाणी निथळत होतं, ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. लहानपणापासूनच त्याचं असं होतं. अंगावर आलं की वाचा बसायची. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्या घटकेला तिला ते आठवलं नाही. तिला फक्त बाजूला सरकलेली नळावरची रांग आठवली, आणि ती रांग आता आपल्याकडं कशी बघेल ते.

ती आत गेली, देवानंदाची वळकटी उचलली आणि दारातनं पावसात फेकली. "मला भाऊ नाही," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग दार लावलं आणि सिक्लोनसाठी करून ठेवलेला दांडा आडवा घातला.

वाऱ्यानं त्या रात्री कँपातले पत्रे पाल्यासारखे उडवले. तिचा उडाला नाही. देवानंद कुठं होता, तिनं विचारलं नाही. पुढं कळलं, तो दक्षिणेला प्लेन मान्येनला गेला आणि विमानतळावर सामान ओढायच्या कामाला लागला.

*

बलरामाला शिक्षा झाली. त्याला बो बासेंच्या तुरुंगात ठेवलं. ती महिन्याकाठी बसनं भेटायला जायची. गजापलीकडं तो बरा दिसत होता. पाय वाचला होता, चाल मात्र लंगडी झाली होती. तिनं एकदा विचारलं, "जागा देवानंच सांगितली ना?" तो खाली बघत म्हणाला, "आता ते कशाला उकरतेस?" तिला वाटलं, किती मोठ्या मनाचा आहे आपला नवरा.

होळीला हरिप्रसादानं गाण्याला नवं कडवं जोडलं.

*डोंगर नाही फितूर झाला, फितूर नाही रान रं,*
*सख्ख्या मेव्हण्यानं वाट दाविली, पाठीत मारला बाण रं!*

या कडव्यावर बायका पदर डोळ्यांना लावत. जीपमधल्या दोन-तीन शिपायांचे आता शंभर झाले होते आणि बलरामाच्या हातात कोयता आला होता. सें पिएरच्या चढाओढीत मंडळाला पहिला नंबर मिळाला. मग कुणी त्यांना रेडिओवर नेलं, आणि ते गाणं बेटभर झालं. ज्यांना मराठी धड येत नव्हती तेही 'बाण रं' वर ठेका धरायचे. कँप मराठ्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, ते आता लोक विचारू लागले.

एका हळदीच्या कार्यक्रमाला बायकांनी सत्यवतीला मधे ओढलं. "तुझ्या तोंडून ऐकू दे गं!" ती नको नको म्हणत उठली आणि म्हणाली. मेव्हण्याचं कडवंही म्हणाली, टाळ्या वाजवून, फेर धरून. घरी आल्यावर तिला झोप लागली नाही. पण म्हणाली ते म्हणालीच.

कुणी निरोप आणला, देवानंदाचं लग्न आहे. ती गेली नाही.

*

ब्याऐंशीच्या पावसाळी गारठ्यात बलराम सुटून आला. तिठ्यापासून घरापर्यंत त्याला मिरवत आणलं. ज्यानं काठी लांबवली होती त्या जयदेवची बदली कधीच झाली होती आणि त्याच्या जागी सरदार कोण, तर हरिप्रसाद. त्यानंच मित्राच्या गळ्यात हार घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवती अंगणात नवऱ्याच्या पायाला कोमट तेल चोळत होती. तळव्यावर खड्डा पडला होता, कातडी गुळगुळीत झाली होती. तिला राग आला तो त्या खड्ड्याकडं बघून.

"माझ्या हातचं खाऊन मोठा झाला, आणि हे केलं," ती म्हणाली. "मेला तरी तोंड बघणार नाही त्याचं."

"कुणाचं?"

"देवाचं."

बलराम हसला. सुपारी तोंडात होती, सहज बोलून गेला. "देवाला कुठं काय ठाऊक होतं? मीच हरीला म्हणालो, जाऊन पोलिसांना सांग. फक्त मारू नका म्हणावं. पाय पेटला होता गं. वरनं सिक्लोन यायचा. तिथंच सडून मेलो असतो."

तिचे हात थांबले.

"हरीनंच पाठीवर घेऊन खाली आणलं मला, जीप होती तिथवर," तो म्हणाला. "रडत होतो मी." मग तिच्या चेहऱ्याकडं त्याचं लक्ष गेलं आणि त्यानं पाय मागं घेतला.

तेलाची वाटी तिनं हळूच बाजूला ठेवली. "आणि मी त्याला सिक्लोनात बाहेर काढला," ती म्हणाली.

"मला तुरुंगात काय कळणार?"

"मी विचारलं होतं तुम्हाला. गजातनं विचारलं होतं."

ती तशीच तेलकट हातांनी उठली आणि हरिप्रसादाच्या घरी गेली. तो ओट्यावर बसून ढोलकीची दोरी ताणत होता. अंगात खाकी होती, जयदेवसारखीच.

"भाऊजी, जागा कुणी सांगितली पोलिसांना?"

त्यानं तिच्याकडं बघितलं आणि त्याला कळलं. त्यानं नाकारलं नाही, एवढं म्हणायला हवं. "बसा वहिनी," तो म्हणाला.

"मला बसायचं नाही. देवाचं नाव का घातलंत?"

"नाव कुठं घातलंय? मेव्हणा म्हटलंय."

"त्यांना मेव्हणे किती आहेत?"

हरिप्रसादानं दोरीची गाठ मारली. "हे बघा. गाण्याला फितूर लागतो. फितूर नसला तर माणूस हरला असं होतं. पाय सुजला, रडला आणि खाली आला, हे कोण म्हणेल? कोण ऐकेल? सगळ्या बेटात आपल्याला गावंढळ म्हणत होते वहिनी. मराठी म्हणजे कोण, ते तरी कुणाला ठाऊक होतं का? आज रेडिओवर नाव घेतात आपलं." मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि मी सांगितलं म्हटलं असतं, तर मला या कँपात जगू दिलं असतं का? तो म्हणाला म्हणूनच मी गेलो होतो ना?"

"म्हणून माझा भाऊ दिलात."

"तो तर गेलाच होता निघून," हरिप्रसाद म्हणाला.

सत्यवती घरी आली. नवऱ्यापुढं उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला आवाज चढवून सांगितलं, "गणपतीत लोक जमतील तेव्हा ते कडवं म्हणायचं नाही. तुम्ही उभं राहून सांगायचं, माझ्या मेव्हण्यानं काही केलं नाही. तुमचं लोक ऐकतील."

"सांगतो," बलराम म्हणाला.

"माझी शपथ?"

"तुझी शपथ. सांगतो म्हटलं ना."

*

विसर्जनाला सगळा कँप नदीवर होता. ऊन पडलं होतं, उसाला तुरे आले होते. सत्यवती बायकांत उभी होती आणि तिचं लक्ष फक्त नवऱ्याकडं होतं. त्याला पांढरा सदरा घातला होता, हातात झांज दिली होती, फेराच्या मधोमध हरिप्रसादाच्या शेजारी उभा केला होता. सें पिएरचीच नव्हे, लांबलांबची माणसं त्याला बघायला आली होती. पोरं त्याच्या लंगड्या पायाकडं बोट दाखवत होती, पण कौतुकानं.

गाणं सुरू झालं. काठी लांबली. छाती पुरली. कोयता तळपला. शंभर शिपाई डोंगराला भिडले. एकेका कडव्याला गर्दी हुंकार देत होती आणि बलराम हळूहळू ताठ होत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं, की सत्यवतीला तो क्षणभर ओळखूच येईना.

मग ते कडवं आलं. हरिप्रसाद थांबला. त्यानं ढोलकीवरचा हात वर धरला आणि बलरामाकडं बघितलं. तो थांबला हे खरं. तेवढी संधी त्यानं दिली. बलरामानं गर्दीकडं नजर फिरवली, बायकांकडं फिरवली, सत्यवतीवर ती आली. ती एक पाऊल पुढं सरकली.

त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि डोळे मिटून घेतले.

"डोंगर नाही फितूर झाला," त्यानं स्वतःच उचललं, फाटक्या, मोठ्या आवाजात, "फितूर नाही रान रं!"

माणसांना भरून आलं. ज्याच्या पाठीत बाण बसला तोच म्हणतोय! सगळ्यांनी पुढची ओळ एका गळ्यानं घेतली. शेजारची बाई सत्यवतीच्या खांद्यावर हात ठेवून रडत होती. सत्यवतीनं तो हात अलगद काढला आणि चढण चढून ती घराकडं निघाली. मागं झांज वाजतच राहिली.

घरात तिनं चूल बघितली, गाईला उसाचे शेंडे टाकले, दोन लुगडी आणि आईचा एक फोटो कापडी पिशवीत घातला. बलराम येईपर्यंत थांबली नाही. त्याला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

*

प्लेन मान्येनला घर शोधायला वेळ लागला नाही. विमानतळावर ट्रॅक्टर चालवणारा, कमी बोलणारा मराठी माणूस, एवढं पुरलं. दारात एक तरुण बाई मांडीवर तान्हं घेऊन बसली होती.

"कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

"देवानंद आहे का? मी... सें पिएरकडून आले."

"येतीलच. बसा ना. मी निर्मला, त्यांची घरवाली." तिनं पाट सरकवला. "त्यांच्याकडचं कुणी कधी येतच नाही. ह्यांना कुणी नाहीच म्हणतात."

सत्यवती बसली. देवानंद आला तेव्हा अंगावर विमानतळाचा निळा डगला होता. तिला बघून तो उंबऱ्याबाहेरच थबकला. जरा जाडावला होता. कानशिलापाशी केस पिकले होते, एवढ्यातच.

"कँपातल्या आहेत," तो बायकोला म्हणाला. "ओळखीच्या." निर्मला तान्ह्याला घेऊन आत गेली.

सत्यवतीनं वाटभर काय काय जुळवलं होतं. त्यातलं एकच निघालं. "देवा, मला कळलं. तू सांगितलं नव्हतंस. ते आपणहून उतरले."

"कुणी सांगितलं तुला?"

"त्यांनीच."

देवानंदानं डगल्याची बटणं एकेक करून सोडली. "त्यांनी सांगितलं तेव्हा तुला पटलं," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं, तेव्हा नाही पटलं."

तिनं मान खाली घातली.

"हिला काही बोलू नकोस," तो हळू म्हणाला. "त्या गाण्यातला मेव्हणा मी, हे हिला ठाऊक नाही."

आत तान्हं रडायला लागलं होतं. निर्मला त्याला खांद्यावर थोपटत बाहेर आली आणि थोपटता थोपटता गुणगुणू लागली. तेच गाणं होतं. अंगाईसारखं, मऊ लावलेलं. काठी लांबली सरदाराची, छाती पुरली बलरामाची. देवानंद दुसरीकडं बघत उभा राहिला. त्याची सवय झालेली दिसत होती.

"डोंगर नाही फितूर झाला, फितूर नाही रान रं..." निर्मला अडखळली. "पुढं काय हो? नेहमी विसरते. तुम्ही तिकडच्याच ना, तुम्हाला येत असेल."

"पुढं काही नाही," सत्यवती म्हणाली. "तिथंच संपतं."

"असं कसं? मग पकडून कुणी दिलं?"

"कुणी नाही दिलं. पाय सुजला होता त्यांचा. दुखत होतं फार. ते स्वतःच म्हणाले, मला खाली न्या."

निर्मला हसली. "छे हो! कुणीतरी फितूर आहे त्यात, जवळचंच कुणीतरी. रेडिओवर नीट ऐकलंय मी. तुम्ही तिकडच्या असून तुम्हाला ठाऊक नाही?"

"मला ठाऊक आहे," सत्यवती म्हणाली. "मी बायको आहे त्यांची."

निर्मलाचं थोपटणं थांबलं. तिनं सत्यवतीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं, मग परत सत्यवतीकडं. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. ती काही विचारणार होती, तेवढ्यात देवानंद पुढं आला. त्यानं तिच्या खांद्यावरनं तान्हं उचललं, पिशवी हातात घट्ट धरून बसलेल्या बाईपाशी गेला आणि ते तिच्या मांडीवर ठेवलं.

"चहा ठेव," तो निर्मलाला म्हणाला. "माझी थोरली बहीण आहे ही."